अक्कांची टिचबटणं

माणसाच्या कातडीबद्दल आपल्याला सगळं ठाऊक आहे, असं मला वयाच्या चोविसाव्या वर्षापासून वाटत होतं. बी.एस्सी. झालेली, मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवणारी. फळ्यावर त्वचेचा छेद काढण्यात सोलापुरात माझा हात धरणारं कुणी नाही, असं एक मत होतं. ते माझंच होतं. तळाशी उभट पेशींची रांग, त्यावर थरावर थर, अगदी वर मेलेल्या पेशींचा चपटा पापुद्रा. विटांची भिंतच म्हणा. विटा मी इतक्या एकसारख्या काढायची की एखाद्या गवंड्यानं बघितलं असतं तर कामावर ठेवून घेतलं असतं.

एकदा मागच्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. "बाई, दोन विटांच्या मधे काय असतं?"

"काही नसतं. परीक्षेत येत नाही. खाली बस."

ती बसली. मी केसाचं मूळ काढायला घेतलं. निवृत्त होईपर्यंत मी त्या उत्तराला जपलं. ते किती पोकळ होतं हे मला पुस्तकानं शिकवलं नाही. शिकवलं माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या पाठीनं.

जाऊबाईंना आम्ही सगळे अक्का म्हणायचो. केम गावच्या शेतकऱ्याची मुलगी, शाळा चौथीपर्यंत. आमच्या सासूबाई अक्कलकोटकडच्या, त्यामुळे घरात निम्मं बोलणं कानडीत चाले. अक्का ते चुलीपुढे बसून शिकल्या, आणि मी लग्न होऊन आले तेव्हा मला त्यांनी कानडीतूनच नाव दिलं, तंगी, म्हणजे धाकटी बहीण. मी मात्र त्यांना मनातल्या मनात 'चौथी पास' म्हणायची. आता हे लिहिताना हसू येतं. तेव्हा ते फार हुशारीचं वाटायचं.

पहिल्या दिवाळीला पहाटे अक्कांनी मला पाटावर बसवलं आणि तेल-उटणं असं घासलं की पितळी घंगाळ घासावं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण शिक्षिका गप्प कशी बसेल? मी त्यांना पाटावरूनच समजावून सांगितलं की कातडीचा वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो, तो आपोआप झडतो, त्यासाठी इतकं घासायची शास्त्रीय गरज नाही.

"मग मेलेलंच काढतीया की," अक्का म्हणाल्या. "जित्याला कुटं हात लावलाय?" आणि दुसरा खांदा घासायला घेतला.

तेव्हापासून दर दिवाळीला त्या मला घासायच्या आणि मग मी त्यांना. हा नेम कधी चुकला नाही.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण पुढे ती लागणार आहे. आम्ही लिंगायत, आमच्यात इष्टलिंग अंगावर असतं, चांदीच्या लहानशा डबीत, गळ्यातल्या दोऱ्याला. ते शरीरापासून वेगळं करायचं नाही. रोज सकाळी डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची आणि पुन्हा गळ्यात. मी नोकरीला लागले त्या वर्षी माझं काढून कपाटातल्या लुगड्यांखाली ठेवलं. सासूबाईंना सांगितलं, विज्ञान शिकवणारीला हे शोभत नाही. खरं कारण आज सांगते. मी बोटनेकची पोलकी शिवून घेतली होती आणि दोरा बाहेर दिसायचा. सासूबाई आठवडाभर बोलल्या नाहीत. अक्का मात्र एका शब्दानं बोलल्या नाहीत, तेव्हाही आणि नंतरही. त्यांचं त्या पाहत होत्या. रोज पहाटे डाव्या हातावर लिंग घेऊन त्या बसत, तेव्हा त्यांचा चेहरा असा काही शांत होई की मी चहाची भांडीसुद्धा न वाजवता घासायची.

वर्षं गेली. दोघींचेही यजमान गेले. अक्कांना मूल नव्हतं, माझी दोन त्यांनीच वाढवली होती, ती शिकून परगावी गेली. जुन्या घराच्या वाटण्या झाल्या आणि आम्ही दोघी जुळे सोलापूर या नव्या वस्तीत दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधे राहायला आलो. मी साठीची, त्या सत्तरीला टेकलेल्या. मी पेपर वाचायची, त्या भाकरी करायच्या. कामाची ही वाटणी मला अगदी न्याय्य वाटायची.

त्या वर्षी उन्हाळ्यात अक्कांचं तोंड आलं. गालाच्या आत, जिभेखाली, हिरड्यांवर फोड यायचे आणि फुटून लाल व्हायचे. मी बॅटरी लावून तपासलं आणि लगेच निदान केलं: मिशरी. चाळीस वर्षं तंबाखू भाजून हिरड्यांना लावताय, आणखी काय होणार? बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणल्या आणि रोज व्याख्यान सुरू केलं. अक्कांनी मिशरीची डबी धुण्याभांड्याच्या बाईला देऊन टाकली. डबी ठेवायची कापडी पिशवी तेवढी राहिली. तिला टिचबटण होतं, ते उघडबंद करायचा त्यांना नाद होता.

तोंड काही बरं झालं नाही. कडक भाकरी सुटली, मग शेंगाची चटणी सुटली. दुधात भाकरी कुस्करून त्या गिळायच्या आणि विचारलं की सांगायच्या, दात हलतोय. मी त्यावर विश्वास ठेवला. ज्या बाईनं आयुष्यभर चटणीशिवाय घास घेतला नाही ती पाच महिने दूधभाकरी खातेय, आणि माझ्यासारखी निरीक्षण आणि निष्कर्ष शिकवणारी शेजारी बसून चटणी खातेय.

मग दिवाळी आली. नरकचतुर्दशीला पहाटे अक्कांनी मला नेहमीसारखं घासलं, जरा कमी जोरानं. नंतर म्हणाल्या, या वर्षी माझं राहू दे. मी म्हटलं, असं कसं? ओढूनच पाटावर बसवलं. पाठीवर दोन-तीन ओघळलेले, मऊ फोड दिसले. मला वाटलं घामोळं चिघळलंय, उटण्यानं साफ होईल. तेल लावलं, उटण्याचा तळवा टेकवला आणि खांद्याकडून खाली ओढला.

कातडी माझ्या हाताबरोबर आली.

भाजलेला शेंगदाणा दोन बोटांत चोळला की साल जसं सुटतं, अगदी तसं. जिथे फोड नव्हता, दिसायला धडधाकट होती, तिथलीही. खाली ओलं, लाल, उघडं. मी हात हवेत धरून बसले.

"हळू की गं," अक्का म्हणाल्या. एवढंच. वळूनही पाहिलं नाही.

मग मी नीट पाहिलं. मानेवर जिथून दोरा जात होता तिथे लाल चर पडला होता. छातीवर डबी टेकायची तिथे रुपयाएवढी जखम, आणि त्यावर हळद दाबलेली. किती दिवसांपासून, विचारलं तर म्हणाल्या, दसऱ्याच्या आधीपास्नं. मला का सांगितलं नाही? "तू आनि काय सोडाय लावशील, म्हून."

दवाखान्यातल्या कातडीच्या डॉक्टर तिशीतल्या होत्या, विणकर घरातल्या, फोनवर आईशी तेलुगूत बोलणाऱ्या. त्यांनी आधी अक्कांचं तोंड पाहिलं. मला हे आवडलं नाही, कारण मी पाठ दाखवायला आणली होती. मग फोडाशेजारच्या चांगल्या कातडीवर अंगठा ठेवून त्यांनी अगदी हलकं बाजूला सरकवलं. कातडी सरकली. त्यांनी लगेच अंगठा उचलला आणि अक्कांना म्हणाल्या, "आजी, माफ करा. हे एकदा बघावंच लागतं."

डॉक्टर रोग्याची माफी मागते हे मी पहिल्यांदा ऐकलं. आणि मनात आलं, हीच तपासणी मी घरी पहाटे करून आले, चांगली अख्खी पाठभर.

कातडीचा एक कण काढून तपासायला गेला. निकाल आला तोवर अक्का वॉर्डात होत्या. रोगाचं नाव पेम्फिगस. मी लगेच वहीत लिहून घेतलं. अक्कांनी नाव विचारलंच नाही, त्यांनी विचारलं, "पर झालंय काय?"

डॉक्टर पलंगाच्या कडेला बसल्या. इकडेतिकडे पाहिलं आणि उशाशी ठेवलेली ती कापडी पिशवी उचलली. टिचबटण उघडलं, लावलं, टक. पुन्हा उघडलं.

"कातडीत पेशींचे थर असतात ना आजी, त्या पेशी अशा बटणांनी एकमेकींना लागलेल्या असतात. अर्धं बटण हिचं, अर्धं तिचं. एकेका पेशीला चारी बाजूंनी अशी कितीतरी. आणि प्रत्येक बटण आतून दोऱ्यांनी पेशीला पक्कं शिवलेलं. म्हणून तर कातडी ओढली, चिमटा काढला, तरी सुटत नाही."

मी मान डोलवत होते, जणू मला हे आधीपासून ठाऊक होतं. विटांच्या मधे बटणं! मागच्या बाकावरची ती मुलगी माझ्या डोळ्यांपुढे खाली बसली.

डॉक्टर सांगत होत्या की रक्तात रोगजंतू ओळखून पकडणारे पहारेकरी असतात. अक्कांच्या पहारेकऱ्यांची ओळखण्यात चूक झाली आणि त्यांनी ही बटणंच शत्रूची समजून धरली. बटण सुटलं की पेशी सुटी होते, सांदीत पाणी भरतं, तोच फोड. तळाची रांग तेवढी जागेवर उभी राहते, कारण खालच्या बाजूला ती वेगळ्या पद्धतीनं रोवलेली असते. बटणं दोन जातींची असतात. अंगावरच्या कातडीत दोन्ही असतात, एक जात सुटली तरी दुसरी काही काळ धरून ठेवते. तोंडाच्या आत एकाच जातीवर भिस्त, म्हणून तोंड आधी जातं.

अक्का पिशवीकडे बघत होत्या. "म्हंजे चोर भाईरचा न्हाय. घरचाच राखनदार बटनं उघडाय लागलाय."

"अगदी बरोबर."

"आन हिनं मला मिशरी सोडाय लावली."

डॉक्टर हसल्या, पण माझी लाज राखली. म्हणाल्या, मिशरी सुटली ते चांगलंच झालं. हा रोग मात्र तिच्यामुळं नव्हे, कुणाच्या स्पर्शानं होत नाही आणि कुणाला लागतही नाही. चौथी पास बाईला जे दोन मिनिटांत कळलं ते बी.एस्सी.ला त्या दिवशी घरी जाऊन वहीत आकृती काढून बघावं लागलं. आकृतीत मी विटाच काढल्या, सवयीनं. मग प्रत्येक दोन विटांच्या मधे बटणं काढत बसले. खूप बसतात. इतकी गिचमीड झाली की विटा दिसेनात.

उपचार सुरू झाले. स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रा, रोज साखर तपासायची. पाठ सगळी उघडी, चादर टेकवली की चिकटायची, सोडवताना कातडी घेऊन निघायची. सोलापुरात राहून चादरीला भ्यायची वेळ आली. डॉक्टर म्हणाल्या केळीची पानं मिळतील का, त्यांना काही चिकटत नाही. अक्कांच्या भावाची केमला केळीच होती. रोज सकाळच्या पॅसेंजरनं कोवळ्या पानांचा भारा यायचा, मी स्टेशनवरून रिक्षानं आणायची, नर्स ती स्वच्छ करून पलंगावर अंथरायच्या. पहिल्या दिवशी अक्कांना त्यावर निजवलं तर वर बघत म्हणाल्या, "पान मांडलंय. वाढताय कवा?" अख्खा वॉर्ड हसला. ज्या बाईला थुंकी गिळताना डोळ्यांत पाणी येत होतं ती हे बोलत होती.

पण मानेवरची आणि छातीवरची जखम वाढतच होती. कारण उघड होतं, दोरा आणि डबी. जरा कूस बदलली की दोरा घासायचा, आणि घासलं की नवी कातडी सुटायची. नर्सनं तीनदा सांगितलं, आजी, गळ्यातलं काढा. अक्का ऐकू न आल्यासारखं करायच्या. चौथ्या दिवशी जखमेत पू दिसला. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की या रोगात फोडांपेक्षा उघड्या कातडीतून शिरणाऱ्या जंतूंची भीती जास्त. या वयात ते रक्तात पसरलं तर हाती काही राहत नाही.

मी परत आले. दुपार होती, अक्का डोळे मिटून पडल्या होत्या. ट्रेमधे ड्रेसिंगची कात्री होती. मी विचार केला, झोपेत कापावं, डबी पिशवीत ठेवावी, उठल्यावर काय बोलायचं ते बोलतील. बऱ्यासाठीच तर करतेय. मी कात्री उचलली आणि दोरा दोन बोटांत धरला.

अक्कांनी डोळे उघडले. कात्रीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुझं तू काढलंस तवा मी कायी म्हनले?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग माजं काढनारी तू कोन?"

आवाज चढलेला नव्हता. तोंडातल्या फोडांमुळे एकेक शब्द त्यांना सावकाश सोडावा लागत होता. म्हणाल्या, कातडी जायची तर जाऊ दे, हे गेलं की मी जित्यात न्हाय. मी कात्री ट्रेमधे ठेवली. चाळीस वर्षांपूर्वी बोटनेकसाठी जे मी एका सकाळी काढून टाकलं होतं, ते ही बाई सोललेल्या मानेवर वागवत होती. पाठ्यपुस्तकात असलं काही नव्हतं.

संध्याकाळी डॉक्टर आल्या. मी झालेलं सगळं सांगितलं, कात्रीसकट. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या अक्कांच्या शेजारी बसल्या आणि विचारलं, "आजी, पूजेच्या वेळी हे कुठे धरता?"

अक्कांनी डावा हात पुढे केला. डॉक्टरांनी तो आपल्या हातात घेऊन उजेडाकडे वळवला. अंगभर फोड, पण तळहात स्वच्छ. भाकऱ्या थापून थापून घट्ट झालेला, कोरडा, एक ओरखडा नाही.

"तळहाताला हा रोग सहसा हात लावत नाही," त्या म्हणाल्या. "पूजा संपवूच नका. बरं वाटेपर्यंत इथेच राहू दे. चालेल?"

अक्कांनी तळहात उलटापालटा करून पाहिला. मग म्हणाल्या, "चालतंय की. त्याचीच जागा हाय ती."

डॉक्टरांनी सलाइनची सुई उजव्या हाताला घ्यायला सांगितलं. अक्कांनी स्वतः दोऱ्याची गाठ सोडली. मी फक्त केस बाजूला धरले. डबी डाव्या तळहातावर ठेवली, वर मऊ कापसाची घडी आणि बोटांभोवती सैल पट्टी. मी डॉक्टरांना विचारलं, तळहातालाच का नाही होत? त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, "काही अंदाज आहेत, तिथली कातडी जाड असते वगैरे. पण नक्की मला माहीत नाही."

मला माहीत नाही. एवढी शिकलेली बाई, वॉर्डभर लोकांसमोर. मी आयुष्यात वर्गात हे वाक्य एकदाही बोलले नव्हते. बोलले असते तर मागच्या बाकावरची ती पोर उभी तरी राहिली असती. (तीच मुलगी मोठी होऊन ही डॉक्टर झाली असेल असं तुमच्या मनात आलं असेल. माझ्याही आलं होतं, मी शाळेचं नाव विचारून घेतलं. नव्हे. ही दुसऱ्याच शाळेतली.)

तीन आठवडे अक्कांनी तो हात मिटून ठेवला, चिमणीचं अंडं धरावं तसा. झोपेतही मूठ सैल होत नसे. दुसऱ्या हाताला सुई, म्हणून घास मी भरवायची, थंड दहीभात. भरवताना मी जरा घाई केली की "साकु," म्हणायच्या, म्हणजे पुरे, आणि तोंड फिरवायच्या. मानेवरचा चर आधी सुकला. छातीवरची जखम हळूहळू कडेकडेनं आत भरत आली. पुढे महिन्यांच्या अंतरानं सलाइनमधून आणखी एक औषध दिलं, ते पहारेकरी तयार करणाऱ्या पेशींनाच आवरणारं. स्टेरॉइडनं अक्कांचा चेहरा पुरीसारखा फुगला. आरशात बघून म्हणाल्या, सासूबाई असत्या तर म्हनल्या असत्या, सून आता कुटं अंग धराय लागली.

घरी जायच्या आधी डॉक्टरांनी मला कातडीच्या त्या कणाच्या तपासणीचं छायाचित्र दाखवलं. काळ्यावर चमकणारं हिरवं जाळं, प्रत्येक पेशीच्या भोवती एक बारीक हिरवी रेघ. ती रेघ म्हणजे जागोजाग बटणांना धरून बसलेले पहारेकरी, म्हणजे रोगच. तरी इतकं सुंदर होतं की मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. त्या रेघेशिवाय मला कधी कळलंच नसतं की माणूस एवढ्या टाक्यांनी धरलेला असतो, आणि ते सगळे रोज, न सांगता, आपापल्या जागी धरून असतात. मी जन्मभर विटा रंगवल्या. काम सगळं सांदीत चाललं होतं.

उन्हाळा संपता संपता डॉक्टरांनी अक्कांच्या पाठीवर अंगठा ठेवून सरकवलं. कातडी जागची हलली नाही. मऊ सुती दोरा चालेल, म्हणाल्या. तो दोरा मी वळला, पण गाठ अक्कांनी स्वतःच्या हातानं मारली. गोळ्या अजून चालूच होत्या, रोग परत डोकं वर काढू शकतो हेही सांगितलं होतं. शेंगाची चटणी घरात परत आली, आधी बोटाच्या टोकावर आणि मग चमचाभर.

दिवाळीला मी पहाटे तेल गरम केलं, पण उटणं भिजवलं नाही. अक्का न्हाणीत पाट मांडून बसल्या होत्या. पाठ माझ्याकडे. पाठीवर ठिकठिकाणी काळपट डाग, एखाद्या जुन्या नकाशासारखे, पण कुठेही ओल नाही. मी तेलाचं बोट टेकवलं आणि काढून घेतलं. पुन्हा टेकवलं. माझा तळवा काही खाली सरकेना.

"काय गं तंगी, भ्यालीस व्हय?"

मी म्हटलं, डॉक्टरांनी उटणं नको सांगितलंय. ते खरंच होतं. फक्त तेल, तेही हलक्या हातानं.

"मग हलक्यानं लाव की. हात टेकव तर खरा."

मी हात टेकवला. पूर्ण तळवा. खांद्यापासून खाली कमरेपर्यंत सावकाश ओढला, आणि उचलून न्हाणीच्या दिव्याखाली धरून पाहिला. तेल होतं. दुसरं काही नव्हतं.

"काय आलं का हातात?" अक्कांनी विचारलं.

"नाही."

"मग दुसरा खांदा घे. पानी निवाय लागलंय."